पहिला खर्डा कोणाचा?

‘यादृच्छिक’ हा शब्द मी आजवर कुणाच्याही तोंडून ऐकलेला नाही. छापलेला मात्र शेकडो वेळा पाहिलाय, आणि त्यातल्या बऱ्याच वेळा तो छापायला धाडणारी मीच होते. पुण्यात बसून वैद्यकीय भाषांतरं करणाऱ्या माणसाला तो चुकवता येत नाही. नव्या औषधाच्या चाचणीत भाग घेणाऱ्या रुग्णाला सही करण्याआधी एक माहितीपत्रक द्यावं लागतं, ते त्याला समजणाऱ्या भाषेत असावं लागतं, आणि त्यात बहुतेक वेळा एक वाक्य असतंच: सहभागी लोकांची दोन गटांत ‘रँडम’ विभागणी होईल. एका गटाला नवं औषध, दुसऱ्याला नेहमीचं, किंवा दिसायला तशीच पण आत औषध नसलेली गोळी.

वीसेक वर्षांपूर्वी हे वाक्य पहिल्यांदा समोर आलं तेव्हा माझ्यापुढे कोरा कागद होता आणि मी अडले. शब्दकोशात ‘यादृच्छिक’ सापडला. तो लिहिला, खोडला. ‘कोणताही क्रम न ठेवता’ असं लिहिलं. पण त्यातून डॉक्टरमंडळी गोळ्या कशाही वाटत सुटणार आहेत असा वास यायला लागला. मग ‘लॉटरी पद्धतीनं’ लिहिलं आणि ओळखीच्या एका निवृत्त सिस्टरना फोनवर वाचून दाखवलं. त्या म्हणाल्या, “लॉटरी नको गं. लॉटरीत बक्षीस लागतं. पेशंटला वाटेल नवं औषध म्हणजे बक्षीस. ते चांगलं आहे की नाही, तेच तर अजून बघायचंय ना तुम्हाला?” शेवटी कागदावर उतरलं ते असं: नाणं उडवून ठरवावं तसं कोण कोणत्या गटात जाईल ते ठरेल, ते तुमच्या डॉक्टरांच्या हातात नसेल. एवढ्याला सकाळ गेली. शेवटचा तुकडा मूळ इंग्रजीत नव्हता. तो ठेवायचा का, यावरून पुढे चार पत्रं इकडून तिकडे गेली आणि तो राहिला.

आज तेच वाक्य यंत्राला दिलं की पापणी लवायच्या आत उत्तर येतं: ‘सहभागींना यादृच्छिकपणे दोन गटांमध्ये नियुक्त केले जाईल.’ यात चूक काय? काहीच नाही. शब्दकोशाप्रमाणे बरोबर, व्याकरणाप्रमाणे बरोबर. तपासायला बसलेल्या माणसाची लाल पेन्सिल या वाक्यावरून सरळ पुढे जाते. चूक असती तर सापडली असती. बरोबर असूनही बिनकामाचं वाक्य सापडत नाही, कारण तपासणारा चूक शोधत असतो.

कृत्रिम बुद्धिमत्ता आणि माणसाची सर्जकता यांचा कामाच्या ठिकाणी ‘समतोल’ कसा साधायचा, यावर हल्ली व्याख्यानं होतात, कार्यशाळा होतात, चहाबरोबर समोसेही असतात. तिथे समतोल म्हणजे बहुधा प्रमाण असतं: इतकं यंत्राचं, इतकं माणसाचं. स्वयंपाकातल्या मिठासारखं. मला गेल्या दोन-तीन वर्षांत जे दिसलं त्यावरून वाटतं की हा प्रश्न प्रमाणाचा कमी आणि क्रमाचा जास्त आहे. आधी कोण लिहितं आणि मागून कोण बघतं, यावर जवळजवळ सगळं ठरतं. पहिला खर्डा माणसाचा आणि दुसरी नजर यंत्राची, हा एक धंदा आहे. पहिला खर्डा यंत्राचा आणि दुसरी नजर माणसाची, हा अगदी वेगळा धंदा आहे, आणि त्याचा पगारही वेगळा असतो. त्याकडे नंतर येते.

आधी माझीच फजिती सांगते, म्हणजे मी कुठल्या उंचावरून बोलत नाही हे कळेल. दीडेक वर्षापूर्वी एका कामात यंत्राचा तयार मसुदा आला. तो फक्त नीट करून द्यायचा होता. आमच्या धंद्यात त्याला पोस्ट-एडिटिंग म्हणतात. त्यात वाक्य होतं: ‘तुम्ही गर्भवती असाल किंवा स्तनपान करत असाल तर या अभ्यासात सहभागी होऊ शकत नाही.’ मी वाचलं, पुढे गेले. चाचणीच्या कागदपत्रांत उलट भाषांतराची पद्धत असते, म्हणजे मराठीचं पुन्हा इंग्रजी करून मुळाशी ताडून बघायचं. तेही झालं, यंत्राकडूनच, आणि इंग्रजी तंतोतंत जुळलं. मग एका गावात वाचून दाखवायची वेळ आली तेव्हा मागे बसलेली एक आशाताई हसून म्हणाली, “हे बाळानं वाचायचंय का आईनं?”

स्तनपान करतं ते बाळ. आई करवते. हे मला कळत नव्हतं असं नाही. कोऱ्या कागदावर मी ‘बाळाला अंगावर पाजत असाल तर’ असंच लिहिलं असतं, कारण माझी आई, मावशी, शेजारच्या काकू, सगळ्या असंच म्हणतात. वर्तमानपत्रांतून ‘स्तनपान करणाऱ्या माता’ इतक्या वेळा छापून आल्यात की तो प्रयोग आता रुळलाय असंही कुणी म्हणेल, आणि अर्थ कळायला कुणाचं अडलं नसतं हेही खरं. पण मला खटकलं ते दुसरंच. माझ्या डोक्यात जे वाक्य आपसूक उगवलं असतं, ते समोर दुसरं तयार वाक्य दिसल्यामुळे उगवलंच नाही. आणि उलट भाषांतरानं ते पकडलं नाही, कारण जाताना जी वाट यंत्रानं घेतली तीच येताना घेतली. दोन्ही टोकांना यंत्र असलं की हिशोब नेहमीच जुळतो.

माझ्या डोळ्यांचं वय झालं म्हणून हे झालं असं मी काही दिवस मानत होते. मग क्ष-किरण तज्ज्ञांवरचा एक प्रयोग वाचनात आला. २०२३ साली ‘रेडिऑलॉजी’ या नियतकालिकात तो प्रसिद्ध झाला. २७ तज्ज्ञांना स्तनांच्या क्ष-किरण प्रतिमा दाखवल्या आणि सोबत यंत्राचं मत दाखवलं. त्यातल्या काही प्रतिमांवर यंत्राचं मत मुद्दाम चुकीचं ठेवलं होतं. मत बरोबर असताना नवखे लोक सुमारे ८० टक्के वेळा बरोबर ठरले. मत चुकीचं असताना फक्त २० टक्के वेळा. मुरलेले लोकही ८२ टक्क्यांवरून ४६ टक्क्यांच्या आसपास घसरले. म्हणजे ज्यांनी आयुष्य या प्रतिमा वाचण्यात घालवलं, त्यांचा डोळा समोरच्या तयार उत्तरानं जवळपास निम्मा केला. चूक पकडण्यासाठी माणूस बसवला होता. यंत्र चुकलं तेव्हा बहुतेक वेळा तोही त्याच्या मागोमाग चुकला.

माझे वडील बँकेत होते. बँकेत ‘मेकर-चेकर’ नावाची शिस्त असते. एकानं नोंद करायची, दुसऱ्यानं तपासून मंजूर करायची, आणि एकाच माणसानं दोन्ही करायचं नाही. या पद्धतीचं मर्म मला फार उशिरा कळलं. चेकरच्या खुर्चीत बसलेला अधिकारी आधी कित्येक वर्षं मेकर राहिलेला असे. खातेवहीत कुठे हात चुकतो, कुठला आकडा उलटा पडतो, तिसऱ्या प्रहरी डोळा कुठे लागतो, हे त्याला स्वतःच्या चुकांवरून ठाऊक असे. आज आपण कचेऱ्याकचेऱ्यांतून जे करतोय त्यात यंत्र मेकर झालं आणि माणूस चेकर. चालेल, आजचा चेकर कालचा मेकर आहे. पण उद्या त्या खुर्चीत जो बसेल तो कधी मेकर झालेलाच नसेल.

ही शंका जुनी आहे. लिझॅन बेनब्रिज या ब्रिटिश मानसशास्त्रज्ञ बाईंनी १९८३ साली कारखान्यांतल्या स्वयंचलनावर एक छोटा निबंध लिहिला. त्यांचं म्हणणं असं की सोपं काम यंत्राकडे गेलं की माणसाकडे दोन कामं उरतात: नुसतं बघत बसणं, आणि यंत्र अडेल तेव्हा धावून जाणं. पहिलं काम माणसाला नीट जमत नाही. दुसऱ्यासाठी जो सराव लागतो, तो मिळवून देणारं रोजचं काम तर आपणच काढून घेतलेलं असतं. चाळीस वर्षांनी त्याला पोलंडमधून पुरावा आला. २०२५ साली प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत चार केंद्रांतल्या अनुभवी डॉक्टरांचं आतड्याची दुर्बिणीतून तपासणी करण्याचं काम बघितलं गेलं. यंत्राची मदत सुरू होण्याआधी ते १०० पैकी सुमारे २८ तपासण्यांमध्ये पुढे कर्करोगात बदलू शकणाऱ्या गाठी शोधत. मदतीची सवय लागल्यावर, यंत्र बंद असलेल्या तपासण्यांमध्ये, हे प्रमाण २२ वर आलं होतं. अवघ्या काही महिन्यांत. एका पाहणीवरून डोंगर उभा करू नये हे मान्य. पण गाडीतला नकाशा बोलायला लागल्यापासून गल्ल्या विसरलेल्या प्रत्येक रिक्षावाल्याला यात नवल वाटणार नाही.

आता माझ्या म्हणण्याला छेद देणारं उदाहरणही मांडायला हवं, नाहीतर हा लेख भाषांतरकारांच्या संघटनेचं निवेदन होईल. स्वीडनमध्ये ८० हजारांहून अधिक स्त्रियांच्या स्तनकर्करोग तपासणीचा एक प्रयोग झाला, आणि त्यातल्या निम्म्या स्त्रियांच्या प्रतिमांची पहिली चाळणी यंत्राला करू दिली. कमी धोक्याच्या वाटलेल्या प्रतिमा एका तज्ज्ञानं पाहायच्या, जास्त धोक्याच्या दोघांनी. तज्ज्ञांचं वाचनाचं काम ४४ टक्क्यांनी कमी झालं आणि कर्करोग सापडण्याचं प्रमाण घटलं नाही. इथे यंत्र आधी आणि माणूस मागून होता, तरी चाललं, उत्तमच चाललं. का चाललं असेल? मला दोन कारणं दिसतात. एक म्हणजे प्रश्न अगदी अरुंद होता, गाठ आहे की नाही, आणि खरं उत्तर पुढे कळणारच होतं. दुसरं, यंत्राचा उपयोग लक्ष कुठे द्यायचं हे ठरवायला केला. निष्कर्ष लिहिणारा हात माणसाचाच राहिला. माझ्या माहितीपत्रकातल्या वाक्याला असं पुढे कळणारं उत्तर नाही. ते न समजता सही केलेली बाई परत येऊन सांगत नाही की मला समजलं नव्हतं.

शिवाय तयार खर्ड्यानं कित्येकांची गळचेपी थांबवली आहे, हे मी डोळ्यांनी बघते. माझा भाचा लातूरकडच्या मराठी शाळेतून शिकून हिंजवडीत नोकरीला लागला. कामात हुशार. पण साहेबाला इंग्रजीत मेल लिहायचा म्हटलं की त्याच्या हाताला घाम सुटायचा. बैठकीत जे त्याला सर्वांत आधी कळलेलं असे ते कॉन्व्हेंटमधला शेजारी मेलमध्ये मांडून मोकळा होई. आता तो यंत्राकडून मेल लिहून घेतो आणि ताठ मानेनं पाठवतो. याला मी कुठल्या तोंडानं नावं ठेवू? २०२३ मध्येच ‘सायन्स’मध्ये आलेल्या एका प्रयोगात साडेचारशेच्या आसपास सुशिक्षित नोकरदारांना लेखनाची कामं दिली होती. यंत्र वापरणाऱ्यांचा वेळ सुमारे ४० टक्क्यांनी वाचला आणि कामाचा दर्जाही वाढला. ज्यांचं लेखन मुळात कच्चं होतं त्यांना फायदा अधिक.

पण मी भाच्याच्या शेजारी बसून तो हे कसं करतो ते पाहिलं. तो आधी मराठीत, बोलतो तसं, सगळं लिहून काढतो. ‘सर, त्या दिवशी सर्व्हर पडला त्याला आपली टीम जबाबदार नाही पण आम्ही आधी सांगायला पाहिजे होतं ते सांगितलं नाही, एवढी चूक आमची.’ मग यंत्राला म्हणतो, हे नीट इंग्रजीत कर. चूक कुणाची, किती, कुठपर्यंत कबूल करायची, हा सगळा निवाडा त्या मोडक्यातोडक्या मराठीत आधीच झालेला असतो. पहिला खर्डा त्याचाच आहे. यंत्र त्याला कोट चढवतं. त्याच्याच शेजारी बसणारा एक जण नुसतं लिहितो, ‘सर्व्हर पडल्याबद्दल माफीचा मेल कर.’ यंत्र तीन परिच्छेदांची अशी माफी लिहून देतं की त्यात कुणी काहीच केलेलं नसतं आणि सगळ्यांना सगळ्याचं वाईट वाटत असतं. दोघंही यंत्रच वापरतात, एकाच कंपनीचं. त्या दोघांत मला प्रमाणाचा फरक दिसत नाही, क्रमाचा दिसतो.

कामाच्या ठिकाणची मूल्यं म्हणतात ती मला अशाच जागी सापडतात. भिंतीवरच्या चौकटीत असतात ती नव्हेत. कर्जवसुलीच्या पत्रात ‘थकबाकीदार’ म्हणायचं की ‘आपला हप्ता राहिला आहे’ म्हणायचं, रुग्णाला ‘तुम्ही’ म्हणायचं की ‘आपण’, नकार पहिल्या ओळीत द्यायचा की पाचव्या, हे निवडताना मूल्य ठरत असतं, आणि ते खर्डा लिहितानाच ठरतं. तयार खर्ड्यात ही निवड आधीच होऊन गेलेली असते, आणि कुणी निवड केली हे सांगता येत नाही. म्हणून ‘यंत्राला लिहू दे, शेवटी माणूस मूल्यांच्या अंगानं तपासेल’ ही योजना मला हास्यास्पद वाटते. भाजी शिजल्यावर वरून कोथिंबीर घालता येते. फोडणी घालता येत नाही.

यंत्राला विचारलं तर ते ‘नाणं उडवून’ सुचवत नाही असं नाही. मी करून पाहिलंय. ‘यादृच्छिक’ला अडाणी माणसाला कळेल असा पर्याय दे म्हटलं तर ते पाच देतं, आणि एकदा तर माझ्याहून बरा दिला. पण तो मागावा हे सुचण्यासाठी आधी आपण त्या शब्दापाशी अडावं लागतं. खर्डा लिहिताना माणूस अडतो. अडला की फोन उचलतो, सिस्टरना विचारतो, आईचं बोलणं आठवतो. हे अडणं हीच कामातली सर्जकता आहे असं मला अलीकडे वाटू लागलंय; प्रतिभेचा झरा वगैरे असलाच तर तो इतरांकडे असेल. आणि तयार खर्डा नेमकं हे अडणं काढून टाकतो. तीच त्याची जाहिरात असते.

हा मुद्दा भारतातल्या कचेऱ्यांच्या आधी हॉलिवूडच्या पटकथाकारांनी ओळखला, कारण तिथे तो थेट पैशांचा होता. २ मे २०२३ पासून १४८ दिवस त्यांचा संप चालला. आपल्याकडे बातम्यांत ‘लेखक विरुद्ध यंत्र’ असं चित्र आलं. प्रत्यक्षात त्यांनी यंत्रावर सरसकट बंदी मागितली नव्हती. त्यांची भीती बारीक होती: निर्माता यंत्राकडून एक पटकथा काढून घेईल, मग लेखकाला बोलावून म्हणेल, ही जरा नीट करून दे, आणि मूळ लेखनाच्या मानधनाऐवजी दुरुस्तीचं, म्हणजे कमी, मानधन हातावर ठेवेल. तडजोड झाली ती याच मुद्द्यावर. यंत्रानं लिहिलेला मजकूर साहित्यकृती मानला जाणार नाही. लेखकाला असा मजकूर दिला तर तो यंत्राचा आहे हे सांगावं लागेल. लेखकाला यंत्र वापरायची सक्ती करता येणार नाही. कंपनीच्या संमतीनं त्याला हवं तर तो वापरेल. पहिला खर्डा कुणाचा, हे त्यांनी करारात लिहून घेतलं.

त्यांच्यामागे संघटना होती. मराठी भाषांतरकाराच्या मागे कोण आहे? आमच्याकडे वर्षभरात हळूच एक रकाना बदलला. कामाच्या आदेशात जिथे ‘भाषांतर’ असे तिथे ‘संपादन’ आलं आणि दर निम्म्यावर आला. युक्तिवाद असा की काम तर झालेलंच आहे, तुम्ही नुसती नजर फिरवायची. पण नजर फिरवायला वेळ कमी लागत नाही. दुसऱ्यानं बांधलेल्या भिंतीतली एक वाकडी वीट काढून बसवणं हे नवी भिंत बांधण्यापेक्षा किचकट काम असतं. कुठल्याही गवंड्याला विचारा. म्हणून व्यवहारात काय होतं, तर लोक खरंच नुसती नजर फिरवतात. निम्म्या दरात त्याहून अधिक परवडत नाही. जबाबदारी मात्र पूर्ण दराची राहते. खाली प्रमाणपत्रावर सही माझी असते. त्या कागदावर यंत्राच्या सहीला जागाच नाही.

न्यायालयांना हे लवकर कळलं असावं. सर्वोच्च न्यायालयानं निकालांच्या भाषांतरासाठी २०१९ मध्ये ‘सुवास’ ही यंत्रणा आणली, आणि मराठीसह अनेक भाषांत निकाल उपलब्ध होऊ लागले. काम निःसंशय मोठं आहे. पण ‘लीव्ह ग्रँटेड’, म्हणजे अपिलाला परवानगी, याचं यंत्रानं ‘रजा मंजूर’ केल्याचा किस्सा न्यायालयीन वर्तुळात चांगलाच फिरला. जुलै २०२५ मध्ये केरळ उच्च न्यायालयानं जिल्हा न्यायालयांसाठी धोरण काढलं: निष्कर्ष, आदेश आणि निकाल यांसाठी कृत्रिम बुद्धिमत्ता वापरायची नाही. भाषांतरासारख्या कामांत वापरली तर माणसानं तपासायची. निकालाचा पहिला खर्डा न्यायाधीशाचा, असं साध्या मराठीत म्हणता येईल.

आणखी एक गोष्ट आहे, ती एकेकट्या कामात दिसत नाही. २०२४ साली ‘सायन्स अ‍ॅडव्हान्सेस’मध्ये एक प्रयोग आला. काही लोकांनी स्वतःच्या डोक्यानं छोट्या गोष्टी लिहिल्या, काहींनी यंत्राकडून कल्पना घेऊन. वाचकांना यंत्राच्या कल्पनेवर बेतलेल्या गोष्टी अधिक चांगल्या लिहिलेल्या, अधिक नवीन वाटल्या. पण त्या गोष्टी एकत्र ठेवल्या तेव्हा त्या एकमेकींसारख्या निघाल्या. प्रत्येकाचा फायदा झाला आणि सगळ्यांचा मिळून तोटा झाला. संकरित बियाण्याचं असंच असतं. कणसं भरदार, एका उंचीची, बघून समाधान वाटावं. पण त्यातलं बी राखून पुढच्या साली पेरलं तर ते तसं येत नाही. पुन्हा दुकान गाठावं लागतं.

इंग्रजीला हे परवडेल. तिची कोठारं भरलेली आहेत. मराठीचं काय? आपण मराठी बोलणारे २०११ च्या जनगणनेप्रमाणे ८ कोटी ३० लाख, पण महाजालावरचं मराठी त्या मानानं थोडं. त्यात जे आहे त्यातलंही बरंचसं यंत्रानं इंग्रजीतून केलेलं आहे, आणि तेच पुढच्या यंत्रांचं खाद्य होतं. यंत्र काय करतं, तर आजवर जे वारंवार छापलं गेलं त्यावरून पुढचा शब्द ठरवतं. म्हणून त्याला ‘रिकाम्या पोटी’ येतं आणि ‘अनशापोटी’ येत नाही. दुपारी चार वाजताही पोट रिकामं असू शकतं; अनशापोटी म्हणजे सकाळी उठल्यावर काही खाण्याआधी. थायरॉइडच्या गोळीसाठी नेमका तोच शब्द हवा, आणि माझ्या आजीला तो नेमका ठाऊक होता. ‘मेयर’ला ‘महापौर’ हा शब्द सावरकरांनी दिला तेव्हा तो कुठेच वारंवार छापलेला नव्हता. वारंवारितेच्या हिशोबात नवा शब्द नेहमी शून्यच असतो. कुणीतरी तो पहिल्या खर्ड्यात हट्टानं लिहावा लागतो.

म्हणजे सगळं हातानं लिहा असं माझं म्हणणं आहे का? छे. पोचपावत्या, हजेरीचे तक्ते, बैठकीचं टिपण, साच्यातले अर्ज, हे सगळं यंत्रानं खुशाल करावं. अर्जाचे छापील नमुने आपण पिढ्यान्‌पिढ्या वापरतोच आहोत. गाळलेल्या जागा भरताना कुणाची सर्जकता मेली नाही. जिथे निर्णय आधीच झालेला आहे आणि फक्त शब्द हवेत तिथे यंत्र पुढे असू दे. जिथे शब्द निवडणं हाच निर्णय आहे तिथे नको. ही रेघ नेहमी स्वच्छ आखता येते असा माझा दावा नाही. आमच्याच दोन खोल्यांच्या कचेरीत रोज एकदा त्यावरून वाद होतो.

हल्ली आमच्याकडे एक नवी मुलगी शिकायला येते. तिला मी पहिला तास यंत्र उघडू देत नाही. मूळ इंग्रजी, कोरा कागद आणि पेन. तिला हा म्हातारपणाचा चळ वाटतो आणि ती ते लपवत नाही. “मॅडम, शेवटी आपण तिथेच जाणार ना, मग हे कशाला?” गेल्या आठवड्यात मधुमेहाच्या चाचणीचं माहितीपत्रक होतं. दोघींनी मिळून खर्डा केला. ‘प्लासिबो’पाशी ती वीस मिनिटं अडली. ‘खोटी गोळी’ लिहिलं, मग स्वतःच म्हणाली, नको, फसवतायत असं वाटेल. खिडकीपाशी जाऊन आईला फोन लावला. परत आली तेव्हा तिच्याकडे ‘नुसती गोळी, आत औषध नसलेली’ होतं. चांगलं होतं. मी ठेवलं.

मग यंत्र उघडलं आणि म्हटलं, मूळ आणि हे ताडून बघ. त्यानं क्षणात दाखवलं की चौथ्या पानावरचं एक अख्खं वाक्य आमच्या भाषांतरात नाही: साखर एकदम उतरल्यासारखी वाटली तर काय करायचं, ते. सर्वांत महत्त्वाचं वाक्य. मी गाळलं होतं, पान उलटताना. मुलगी माझ्याकडे बघत राहिली. काही बोलली नाही, पण तिला काय म्हणायचं होतं ते मला कळलं आणि माझ्याकडे त्यावर उत्तर नव्हतं. वाक्य घातलं. पुन्हा ताडून घेतलं. सही केली.

बिल करताना आदेश पाहिला तर रकान्यात छापून आलं होतं, ‘कामाचं स्वरूप: संपादन’. मी ते खोडून हातानं ‘भाषांतर’ लिहिलं, पूर्ण दर लावला, आणि खर्ड्याची खाडाखोड केलेली अकरा पानं स्कॅन करून सोबत जोडली. आज नववा दिवस. बिल अजून मंजूर झालेलं नाही.